डॉक्टरांची तांदूळतुला

"आता मी जे सांगणार हाय ते तुमी कुणी खरं मानणार न्हाई," असं म्हणून बहिरूतात्या भाताच्या पोत्यावर मांडी घालून बसला, आणि खोटं ठरण्याचा जो मान माले गावानं त्याला चाळीस वर्षं बिनतक्रार दिला होता, तो त्यानं आधीच पदरात पाडून घेतला. वीज गेली होती. भात भरडायला आलेली चौघं-पाचजणं आपापल्या पोत्यांवर टेकून होती. गिरणीवाला कैलास भुशानं पांढऱ्या झालेल्या भुवया पुसत तोंड उघडं टाकून ऐकायच्या तयारीत होता. दाराशी उजेडाला लीलाबाई सुपात कणी निवडत होती. तात्याची मेहुणी, त्याच्या गेलेल्या बायकोची, गोजराबाईची धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. तात्याच्या थापा हिला नव्या नव्हत्या. मुळशीच्या धरणात धरलेल्या माशाच्या पोटात तात्याला चालू घड्याळ सापडलं होतं आणि ते त्याच्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा पाच मिनिटं पुढं होतं, तेव्हापासून ती ऐकत आली होती. मासा वर्षाला वीतभर वाढायचा. कुणी हरकत घेत नव्हतं. माशाला काय लागतं वाढायला?

"पौडच्या जनार्दन डाक्टरला मी ताजव्यात बसवला," तात्या म्हणाला. "पाच गावांच्या म्होरं. आन् तितं त्याला रडवला."

"रडवला?" कैलास म्हणाला. "सत्कार हुता ना वो त्यो?"

"सत्कार तुमच्यासाठी. माझ्यासाठी काय हुतं ते ऐक."

आणि तात्या थांबला. थापेत थांबायची जागा त्याला नेमकी ठाऊक असायची. पण हे थांबणं त्यातलं नव्हतं. डाव्या दंडाला एकदम आवळल्यासारखं झालं होतं. रक्तदाब बघायचा पट्टा आवळतो तसं. भाद्रपदापासून हे असं कधीही व्हायचं, जेवताना, बांधावर, एस्टीत. भाद्रपदात तो पौडच्या दवाखान्यात गेला होता, डोकं जड होतं म्हणून, आणि जनार्दन डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबायला सुरुवात केली होती. फुस्स, फुस्स. डॉक्टरांचं वय आता सत्तरीच्या पुढं, सकाळी चाळीस पेशंट, हातांना सवय आणि डोळे खिडकीबाहेर. फुगा दाबता दाबताच ते म्हणाले होते, "आणि काय तात्या, वहिनींचं वजन उतरलं का?" गोजराबाईला जाऊन तेव्हा आठवा महिना चालू होता. दंड आवळत गेला. बोटांच्या टोकांत नाडी ठोकायला लागली. तात्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, मग डॉक्टरांच्या टकलाकडं. "उतरलं," तो म्हणाला. "लई उतरलं, डॉक्टर." "शाब्बास!" डॉक्टर म्हणाले. "सोडू नका म्हणावं. भात बंदच ठेवा." मग हवा सुटली, आणि दंडात रक्त परत आलं ते मुंग्या घेऊन. तात्याला आश्चर्य वाटलं ते एवढ्याचंच, की आपल्याला राग आला नाही. उलट बरं वाटलं. आठ महिने जे नुसतंच छातीत वळवळत होतं, कुणावर धावून जावं ते ज्याला कळत नव्हतं, त्याला राहायला घर मिळालं होतं. पांढऱ्या कोटातलं, टक्कल पडलेलं घर.

गिरणीत तो हे सांगत नव्हता. गिरणीत तो सांगत होता ते वेगळं, तिखटमीठ लावून सांगायचं. "डाक्टरला काय येतं? सांगू? तीन गोष्टी येत्यात. भात बंद. साखर बंद. रोज चाला. चाळीस वर्सं झाली, ताप असू दे, गुडघा असू दे, जनावर लाथ मारू दे. भात बंद!" लोक हसले. हसणं खरं होतं, कारण ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. ज्या गावात सून बघायला आलेले पाहुणे आधी भाताचा वास घेतात, त्या गावाला ह्या माणसानं भात बंद केला होता. गोजराबाईला तर त्यानं कागदच दिला होता. कुठल्यातरी औषधकंपनीचा, प्रतीची प्रत काढलेला, वरची ओळ अर्धी कापलेली. सकाळी ओट्स. ब्राऊन ब्रेडचे दोन तुकडे. साय काढलेलं दूध. दुपारी उकडलेल्या भाज्या एक वाटी, वाटी केवढी ते नाही. तिनं तो कागद पिठाच्या डब्यामागं भिंतीला खळीनं डकवला. "ओट म्हंजी काय वो?" "घोड्याचं खानं," तात्या म्हणाला होता, आणि ती हसली होती, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. त्या दिवसापासून ती सगळ्यांसाठी इंद्रायणी शिजवायची, वाफेत तोंड धरून भात उकरायची, आणि स्वतः नाचणीची भाकरी पाण्याबरोबर गिळायची. वाफ तिच्या भुवयांवर साचायची. तात्या समोर बसून भात कालवायचा. आपण समोर बसून कालवायचो, हे तेव्हा कधी दिसलंच नव्हतं. आता ताटात भात पडला की आधी तिच्या भुवया दिसायच्या, मग भात.

आणि चालणं. ती बाई रानात जाऊन येऊन, विहिरीवर, गोठ्यात, दिवसाला दोन कोस चालतच होती; डॉक्टरनं कधी विचारलं नाही, तुम्ही करता काय दिवसभर म्हणून. चाला म्हणाला, म्हणून ती आणखी चालली. नातीचे जुने कॅनव्हासचे बूट घालून, लुगडं वर खोचून, पहाटे धरणाच्या रस्त्यानं. पुण्याहून सायकली घेऊन आलेले रंगीत टोप्यांचे लोक तिला ओलांडून जायचे, त्यातल्या एकानं एकदा अंगठा दाखवला. घरी येऊन ती म्हणाली, "त्यो मला अंगठा का दावतुया?" तिचे दंड बारीक होत गेले. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पोट मात्र वाढत गेलं. सगळे म्हणाले, पोट सुटलंय. डॉक्टर म्हणाला, भात खाता चोरून. घरातही कुणीतरी तेच म्हणालं असेल. घरात चेष्टा चालायचीच. मग एक दिवस तिनं दवाखान्यात जाणंच सोडलं, आणि दोन वर्षांनी पुण्यात नेली तेव्हा तिच्या पोटातून आठ लिटर पाणी काढलं आणि पाण्यामागं जे होतं ते काढायची वेळ टळून गेली होती. तिथली डॉक्टरीण, पोरगीच होती, गळ्यात नळी, ती म्हणाली, "आजोबा, इतके दिवस कुठे होतात?" ह्या प्रश्नाला तात्याकडं, ज्याच्याकडं माशाच्या पोटातल्या घड्याळाचंसुद्धा उत्तर असायचं, उत्तर नव्हतं. भाद्रपदात ते मिळालं.

"पर तिनं जायाचं का सोडलं?" गोजरानं दवाखाना सोडला एवढंच तात्यानं गिरणीत सांगितलं होतं, त्यावर पोत्यावरच्या कुणीतरी विचारलं. लवासाकडून आलेला गवंडी होता, नवा माणूस, त्याला हे ठाऊक नव्हतं.

"तेच तर सांगतोय," तात्या म्हणाला, आणि त्याची जीभ एकदम सैल सुटली, ह्या जागेवर ती नेहमीच जरा जास्त सैल सुटायची. "दवाखान्यात पडद्यामागं काटा. बाहीर बाकावर पंधरा माणसं. डाक्टरनं तिला काट्यावर उभी केली आन् पडद्यामागनं अशी आरोळी ठोकली, सत्त्याऐंशी किलो! वयनी, काटा मोडाल माझा! बाकावरचं समदं खदाखदा हासलं. माझी गोजरा बाहीर आली ती पदर इतका वडून, का तोंड दिसंना. त्या दिसापास्नं तिनं काट्यावर पाय दिला न्हाई. आन् दवाखान्यात पैलं काय? काटा. मग दवाखान्यात बी पाय दिला न्हाई. बोला!"

गवंडी चुकचुकला. बाकीच्यांनी आपापली पोती सारखी केली. कैलास गिरणीच्या पट्ट्याकडं वाकून बघायला लागला. वीज नव्हती, पट्टा हलत नव्हता, तरी. लीलाबाईनं सूप एकदा झटकलं.

तात्यानं हे बघितलं आणि बघितलं नाही. तो पुढं निघाला होता. पुढं त्याचं आवडतं होतं. नात, वैष्णवी, लवळ्याच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकते. तिला प्रोजेक्ट होतं. आसपासच्या फॅमिली डॉक्टरांना दहा प्रश्न विचारायचे: वजन, खाणं, व्यायाम, ह्यांचे ठरलेले जे नियम आहेत त्यातलं त्यांना काय ठाऊक आहे. नाव लिहायचं नाही, नुसता नंबर. "आजोबा, ही फाइल उघडायची नाही हं, मी शब्द दिलाय सगळ्यांना," असं सांगून ती फाइल कपाटावर ठेवून हॉस्टेलला गेली, आणि तात्यानं रिक्षा वळायच्या आत ती उघडली. जनार्दन डॉक्टरांचं अक्षर त्याला चिठ्ठ्यांवरून पाठ होतं. आठवड्याला किमान किती मिनिटं व्यायाम? डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'भरपूर'. आपल्याकडच्या बाईची कंबर किती सेंटिमीटरच्या पुढं गेली की धोका? कोरं. वजन थोडंच उतरलं, शंभराला पाच, तरी उपयोग होतो का? 'नाही, खूप उतरावं लागतं'. वैष्णवीनं लाल पेननं बाजूला बरोबर उत्तरं लिहिली होती: दीडशे मिनिटं, ऐंशी सेंटिमीटर, होतो. दहापैकी चार बरोबर. तात्यानं तो कागद सात वेळा वाचला. त्याला गोड लागला. भरपूर! एका माणसाच्या बायकोला भरपूर चालवली आणि किती ते माहीत नाही! त्यानं ती उत्तरं पाठ केली, शाळेत कधी काही पाठ केलं नव्हतं तेवढी. औत धरताना घोकली, दीडशे, ऐंशी, होतो. दहाव्या प्रश्नाशी मात्र त्याचे डोळे दर वेळी घसरायचे. हे सगळं तुम्हाला वैद्यकीय शिक्षणात किती तास शिकवलं? तिथं डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, थरथरत्या पण सरळ: 'आठवत नाही. बहुतेक शिकवलंच नाही. तुम्ही शिकवाल का?' ह्या ओळी तात्यानं पाठ केल्या नाहीत. त्या त्याच्या कामाच्या नव्हत्या.

कामाची होती ती तुला. पौडच्या तरुण मंडळींना डॉक्टरांच्या चाळीस वर्षांचा सत्कार करायचा होता, शाल-नारळावर भागवत होते. तात्या तिथं जाऊन म्हणाला, शाल कसली देताय, तांदूळतुला करा. आपल्या मुळशीचा तांदूळ, आपला डॉक्टर, नंतर तो तांदूळ आश्रमशाळेला द्या. पोरं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. तात्याच्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच कारणानं. ज्यानं सगळ्यांचा भात बंद केला तो भाताशेजारी लोंबकळणार. ज्यानं माणसं काट्यावर चढवली तो सगळ्यांदेखत काट्यावर चढणार. महिनाभर तो गावोगाव हिंडून पायली-पायली तांदूळ गोळा करत होता. बाया म्हणायच्या, "तात्या, किती जीव हाय तुमचा डाक्टरवर." तात्या म्हणायचा, "लई." रात्रंदिवस तो ती आरोळी जुळवत होता, आकडा मोठ्यानं कसा म्हणायचा, कुठं थांबायचं, 'काटा मोडाल' हे डॉक्टरला कुठल्या सुरात परत करायचं. सूर त्याला लगेच सापडला होता. इतका लगेच, की एकदा भांगलताना त्याचा हात थांबला आणि तो जरा वेळ तसाच उकिडवा बसून राहिला.

"मग बसवला," तात्या गिरणीत म्हणाला. "मंडपाच्या आडव्या वाशाला ताजवा बांधलेला. एका पारड्यात डाक्टर, पाय असे लोंबत्यात, मोजं दिसत्यात. दुसऱ्यात मी पिशव्या टाकतुया. दहा, वीस, तीस. पारडं हालंना. पन्नास, साठ. मानसं बघाया लागली. ऐंशी! तरी हालंना! नव्वद! वर दोन शेर, तवा उठला. मी माइक घेतला. ब्याण्णव किलो! डाक्टर, काटा मोडाल! आन् मंडपात असा सन्नाटा, का पाल चुकचुकली तर ऐकू यावी. डाक्टरचं तोंड काळं ठिक्कर."

गवंड्यानं मांडीवर थाप मारली. तात्याला ती थाप लांबून ऐकू आली. कारण मंडपात सन्नाटा झाला नव्हता. ब्याण्णव म्हटल्याबरोबर सगळा मंडप उठला होता, टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी हलगी बडवली होती. हे तात्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, सत्तर वर्षं तुला बघत आलेल्या माणसाच्या. तुलेत वजन जेवढं जास्त तेवढा मान. पारडं जड झालं की लोकांचा ऊर भरून येतो. पुढारी तुलेच्या आधी पोटभर जेवून येतात. तीच आरोळी, तोच आकडा, जरा मोठाच, आणि त्याच्या गळ्यात हार पडला. 'काटा मोडाल' ह्यावर तर म्हातारेसुद्धा हसून हसून डोळे पुसत होते आणि डॉक्टर पारड्यात बसल्या बसल्या हात जोडत होते, लहान पोराला झोक्यावर बसवावं तसे खूश. गोजरेला ह्यातली एक टाळीसुद्धा मिळाली नव्हती.  तात्यानं माइक सोडला नाही, शेवटचं हत्यार काढलं. "डॉक्टर, आठवड्याला किती मिनिटं चालावं माणसानं?" डॉक्टर म्हणाले, "भरपूर." "मिनिटं सांगा." मंडप हसला, थट्टा चाललीय असं समजून. डॉक्टरांनी जरा विचार केला. "नाही माहीत, तात्या. कोणी शिकवलंच नाही आम्हाला." "दीडशे!" तात्या ओरडला. "दीडशे!" आणि पारड्यातल्या म्हाताऱ्यानं खिशातून पेन काढलं, सत्काराच्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं, मान वर करून विचारलं, "एकशे पन्नास ना? एका दमात की वाटून?" ते वाटून असतं की एका दमात, तात्यानं पाठ केलं नव्हतं. पुढच्या रांगेत वैष्णवी बसली होती. आपला प्रश्न आजोबाच्या तोंडात बघून ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि मंडपाबाहेर गेली. तेव्हापासून तिचा फोन नाही.

"आन् मग मी इचारलं," तात्या म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, गिरणीच्या पत्र्याला लागून परत येत होता. "म्हटलं, डाक्टर, मिनिटं ठावी न्हाईत, कंबर ठावी न्हाई, मंग माझ्या बायकूला कशाच्या जोरावर उपाशी मारली? पाणी भरलेलं पोट तुला चरबी दिसलं?"

हे त्यानं विचारलं नव्हतं. विचारायचं होतं ते हेच, तांदळाचा दाणा न् दाणा ह्यासाठी गोळा केला होता. पण मंडपात कुणीतरी डॉक्टरांच्या कानाशी लागलं, बहुधा गोजराबाईबद्दलच, आणि डॉक्टर पारड्यातून घाईनं उतरले, धोतरात पाय अडकल्यासारखे आले, तात्याचा हात दोन्ही हातांत धरला. "मला आठवायला हवं होतं, तात्या," ते म्हणाले. "आठवायला हवं होतं." तळहात गरम होते. दंडाला आवळणारं काही नव्हतं तरी बोटांच्या टोकांत नाडी ठोकत होती. माइक बंद होता. कुणी ऐकलं नाही. बस्, एवढंच झालं, आणि एवढ्यावर भागत नव्हतं. विसरलो, हे काय पुरतं? तात्याला दुसरं वाक्य हवं होतं. ते वाक्य जनार्दन डॉक्टरच्या तोंडून पाच गावांनी ऐकलं असतं, तर ते कायमचं त्याचं झालं असतं, तात्याच्या छातीतून उठून त्या पांढऱ्या कोटात राहायला गेलं असतं, आणि मग ताटातला भात नुसता भात राहिला असता. डॉक्टरनं ते दिलं नाही. डॉक्टर हात धरून उभा राहिला, मग लोकांनी त्याला जेवायला ओढून नेलं. पंगतीत भात होता. तात्या एस्टीनं घरी आला तो सगळ्या रस्त्यानं ते वाक्य स्वतःच म्हणत, डॉक्टरच्या आवाजात, आधी हळू, मग जमेल तसं मोठ्यानं. हिंजवडीला कामाला जाणारा एक पोरगा कानातली बोंडं काढून त्याच्याकडं बघायला लागला. अर्ध्या रस्त्यात वाक्य मऊ झालं, धरण दिसेपर्यंत खरं वाटायला लागलं. मासा असाच वाढला होता.

"तवा डाक्टर उठला," तात्या म्हणाला, आणि ह्या खेपेला तो थांबला नाही. "माइक घेतला माझ्या हातातनं. डोळ्यांतनं घळाघळा पाणी. म्हनला, लोकहो, आज चाळीस वर्सांत पैल्यांदा खरं बोलतो. बहिरूची बायको माझ्यापायी मेली. त्या दिशी तिचं वजन मी वरडून सांगितलं, चारचौघांत तिची इज्जत काढली, म्हनून ती परत आली न्हाई. मी वरडलो. बहिरू, मला माफ कर."

गवंड्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "मंग? केलं का माफ?"

"आता माफी कशी द्यायाची ते—"

"न्हाई म्हनला तसं डाक्टर," लीलाबाई म्हणाली. सूप तिनं खाली ठेवलं होतं. कैलासनं मान वर केली नाही, बाकीच्यांनीही नाही. "मासा किती बी वाडवा दाजी, म्या कदी बोलले न्हाई. पर डाक्टर आसं कशापायी म्हनंल? त्यानं आकडा चिठ्ठीवर लिवून आक्काच्या मुठीत दिला हुता. चिठ्ठी तुमी काढून घेतली. आन् वरडला बी तुमीच. हितं. ह्या समद्यास्नी हासवाया. आक्का दाराशी हुबी हुती, दाजी, मी तिच्या शेजारी हुते."